एचबी कमी आलंय? आधी चहाची वेळ बदला, बाजाराची पिशवी नंतर

माझा हात सारखा तांदळाच्या डब्यात जायचा. भात लावायला म्हणून डबा उघडायचा आणि चिमूटभर कच्चे तांदूळ तोंडात टाकायचे, मग अजून चिमूटभर, आणि नंतर नंतर तर दुपारी सगळे झोपले की वाटीत घेऊन टीव्हीपुढं बसायचे. सासूबाई म्हणायच्या, "अगं लग्नात पाऊस पडायचा आता परत." आम्ही हसायचो. वर्षभरानं जिना चढताना दम लागायला लागला, केस मूठमूठ गळायला लागले, तेव्हा रक्त तपासलं आणि एचबी निघालं ८.९. डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला तो हाच, माती, खडू, पाटीवरची पेन्सिल, कच्चे तांदूळ, बर्फ असलं काही खावंसं वाटतं का. मी गप्प. अंगात लोह कमी झालं की असल्या न खाण्याच्या गोष्टी खाव्याशा वाटतात, हे मला तोवर माहितीच नव्हतं.

तर ज्यांचा रिपोर्ट नुकताच असा आलाय आणि ज्यांना घरातल्या पाच जणांनी पाच उपाय सांगून झालेत, त्यांच्यासाठी हे लिहितेय. आम्ही सांगलीकडचे, त्यामुळं उदाहरणं भाकरी-आमटीचीच येणार. मी डॉक्टर नाही, पण दीड वर्ष यात घालवलंय आणि बऱ्याच चुका करून झाल्यात.

आधी रिपोर्ट नीट वाचा

एचबी म्हणजे हिमोग्लोबिन. मोठ्या बाईचं १२ च्या खाली, गरोदर असेल तर ११ च्या खाली आणि पुरुषाचं १३ च्या खाली गेलं की ॲनिमिया म्हणतात. आपल्याकडं हे काही विशेष नाही, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायका ॲनिमियाच्या निघाल्या होत्या, म्हणजे हळदीकुंकवाला दहा जणी बसल्या तर पाच-सहा जणी त्यातल्याच.

पण एचबी कमी म्हणजे लोहच कमी असं नसतं. बी-ट्वेल्व्ह व्हिटॅमिन कमी असलं तरी पडतं, थॅलेसेमिया मायनर, म्हणजे आई-बापाकडनं आलेला रक्तातला सौम्य दोष, असला तरी कमीच राहतं, आणि थॅलेसेमिया मायनरवाल्यानं लोह कमी आहे का हे न बघता महिनोनमहिने लोहाच्या गोळ्या खाणं बरोबर नाही. म्हणून फेरिटिन नावाची टेस्ट करायला सांगतात, ती अंगात साठवलेलं लोह किती आहे ते दाखवते. एक लक्षात ठेवा, ताप किंवा इन्फेक्शन असताना फेरिटिन खोटं वाढलेलं दिसू शकतं, त्यामुळं आजारपणात टेस्ट करून "नॉर्मल आहे की" म्हणून सुटू नका.

आणि दुसरं, जातंय कुठनं ते बघा. फुटक्या हंड्यात किती पाणी ओतणार? पाळीत दर तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील, तर नुसत्या मटकीनं काही होत नाही, आधी बाईच्या डॉक्टरला दाखवायचं. मूळव्याधीचं रक्त, पोटातला अल्सर, रोज डोकं दुखतंय म्हणून पेनकिलर खायची सवय, हे पण त्यातलंच. पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं एचबी पडलं असेल तर खाण्याकडं बोट दाखवून गप्प बसूच नका, पोटात कुठं रक्त जातंय का ते डॉक्टरकडनं तपासून घ्या. उसाच्या, हळदीच्या रानात अनवाणी फिरणाऱ्यांना तर जंताचंही बघावं लागतं, आकडेकृमी पायाच्या कातडीतनं आत शिरतो आणि आतड्याला चिकटून रक्त पितो. रानात चप्पल घाला, एवढं साधं आहे ते.

मग गणित

हे गणित कळलं तेव्हा माझं डोकं खरं ताळ्यावर आलं, म्हणून जरा बसून वाचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२० मध्ये जे आकडे दिले त्यात मोठ्या बाईला दिवसाला २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय, पुरुषाला १९. एवढं का? तर शाकाहारी ताटातलं लोह अंगात फार थोडं लागतं, १०० मधलं धरा ५ ते १०. म्हणजे २९ खाल्लं तर रक्तात जेमतेम दोन-अडीच जातं, आणि बाईला लागतं पण साधारण तेवढंच.

आता यातली मेख बघा. ज्या बाईच्या ताटातलं १०० मधलं ५ लागतंय तिनं तेच ताट जरा शहाणपणानं खाल्लं आणि १० लागायला लागलं, तर तिनं एक रुपया जास्त खर्च न करता लोह दुप्पट केलं. आणि जी बाई डाळिंब, खजूर, बीट आणून आणून खिसा रिकामा करते पण जेवल्या जेवल्या कपभर चहा पिते ती आहे तिथंच राहते. ती बाई मीच.

डाळिंबाचं निघालंच आहे तर सांगून टाकते. आटपाडीकडं पाहुणे आहेत आमचे, त्यांनी माझं ऐकून पेटीभर डाळिंबं पाठवली, लई प्रेमानं. पण डाळिंबात १०० ग्रॅममागं अर्धा मिलिग्रॅमसुद्धा लोह नाही, बीटात एकाच्या आत, सफरचंदात नावाला. लाल दिसतं म्हणजे रक्त वाढवतं हे आपल्या डोक्यात कुणी भरलंय कुणास ठाऊक. फळं चांगलीच आहेत, खा की, पण लोहासाठी म्हणून नको. खजुराचंही तसंच, दोन खजूर म्हणजे १५-२० ग्रॅम, त्यातनं पुरता एक मिलिग्रॅमही येत नाही. गुळात १०० ग्रॅममागं चार-पाच असतं, पण १०० ग्रॅम गूळ कोण खातंय, खडाभर खाल्ला तर अर्धा. साखरेपेक्षा बरा, बास.

घरातलंच मोजा

डबे उघडा आणि बघा काय काय आहे. आकडे सगळे १०० ग्रॅम कोरड्या, कच्च्या मालाचे आहेत हे विसरू नका, कारण तिथंच लोक फसतात. मटकीत १०० ला आठच्या आसपास लोह असतं पण ते कोरड्या मटकीत, भिजून मोड आले की ती पाण्यानं फुगते आणि ताटातली वाटीभर उसळ म्हणजे कोरडी मटकी ४० ग्रॅमच असते, तेव्हा हिशोब तीन मिलिग्रॅमचा धरायचा.

बाजरीत साडेसहा, ज्वारीत चार, गव्हाच्या पिठात चार, नाचणीत साडेचार, आणि पांढऱ्या तांदळात एकसुद्धा नाही. पोह्यात मात्र चार-साडेचार असतं, ते लोखंडी यंत्रांतनं जातात म्हणून असेल. मसूर सात, अख्खे हरभरे साडेसहा-सात, सोयाबीन आठ, तूरडाळ चार. आणि हुलगे, ज्यांना पुण्याकडचे कुळीथ म्हणतात, ते साडेआठच्या वर! आमच्याकडं जत-कवठेमहांकाळच्या बाजूला हुलग्याचं माडगं सर्दी झाली की करतात, शेंगोळे तर थंडीत असतातच, पण शहरात आलेल्या लोकांना हुलगा म्हणजे गरिबाचं खाणं वाटायला लागलं आणि डब्यातनं गेला तो. माझ्या मते सगळ्यात आधी हा परत आणावा. हुलगे भाजून दळून ठेवायचे, तेलात जिरं-लसूण-मिरची टाकून पाणी उकळायचं आणि पीठ आधी गार पाण्यात कालवून मग सोडायचं, थेट उकळत्या पाण्यात टाकलं तर गुठळ्या होतात आणि मग रवीनं घुसळत बसावं लागतं.

तीळ, कारळे, जवस हे ताटाच्या कडेला बसणारे लोक, पण कामाचे. तिळात आणि कारळ्यात १०० ला दहाच्या वर आहे. चटणी आपण दोन चमचे खातो म्हणजे एक-दीड मिलिग्रॅम, पण रोज खाल्ली तर महिन्याचे चाळीस होतात. अळीव तर बाळंतिणीचे लाडू म्हणून ठरलेलेच. जुन्या तक्त्यांत अळिवाचा आकडा १०० दिलेला असतो, नवीन तक्त्यात तो सतराच्या आसपास आलाय, त्यामुळं एक लाडू खाल्ला की झालं असं समजू नका. दोन चमचे अळीव नारळपाण्यात भिजवून खायचे, आणि गरोदर बायकांनी डॉक्टरला विचारल्याशिवाय नकोच.

बेदाणा आपल्याच जिल्ह्याचा, तासगाव-सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकन पण आहे. मूठभर बेदाण्यात एखादा मिलिग्रॅम येतो. पोरांच्या डब्यात बिस्किटाऐवजी बेदाणा-फुटाणे हे चांगलं आहे, आणि भडंग चांगलं नाही असं लिहायला माझा हात धजत नाहीय पण चुरमुरे इतके हलके असतात की मूठभरात फार काही येत नाही हो, त्यातले शेंगदाणे वेचून खाल्ले तर तेवढंच.

रेशनच्या तांदळाबद्दल दोन शब्द. २०२४ पर्यंत टप्प्याटप्प्यानं रेशनवर फोर्टिफाइड तांदूळ आला, त्यात साध्या १०० दाण्यांमागं एक दाणा तांदळाच्या पिठात लोह, फॉलिक ॲसिड, बी-ट्वेल्व्ह घालून बनवलेला असतो. तो जरा वेगळा दिसतो, धुताना कधी वर तरंगतो, म्हणून आमच्या गल्लीत बायका "प्लास्टिकचा तांदूळ" म्हणून तो वेचून वेचून फेकत होत्या. नेमकं औषध फेकायचं आणि तांदूळ ठेवायचा! हा तांदूळ मिळाला तर फार चोळून धुऊ नका, वेळून पाणी टाकून देऊ नका. घरात थॅलेसेमियाचा पेशंट असेल तर मात्र त्याला देण्याआधी डॉक्टरला विचारा.

मोड आणायची गंमत

धान्य-कडधान्यात फायटेट नावाचं काहीतरी असतं, ते लोहाला धरून बसतं आणि आतड्यात सोडत नाही. भिजवलं, मोड आणले, आंबवलं की ते कमी होतं. म्हणून मोडाची मटकी, म्हणून आंबील, म्हणून इडली-डोसा. ज्वारीची, नाचणीची आंबील उन्हाळ्यात पितोच की आपण, फक्त आता ती "थंडावा" म्हणून नाही तर लोहासाठी म्हणून पण प्या.

मटकीला मोड आणणं सोपं आहे पण नवीन लोकांची नासते, तर असं करा. मटकी निवडून घ्या, बारीक खडे असतात अगदी मटकीच्याच रंगाचे, ताटात पसरून हात फिरवला तरच कळतात. तीन-चार पाण्यानं धुऊन भरपूर पाण्यात रात्री भिजत घाला, आठ-दहा तास. सकाळी पाणी पूर्ण काढा. पूर्ण म्हणजे पूर्ण, चाळणीत अर्धा तास ठेवलीत तरी चालेल, कारण पाणी राहिलं की मोड येत नाहीत, वास येतो. मग ओलं करून पिळलेल्या सुती फडक्यात सैल गाठोडं बांधायचं आणि वर झाकण ठेवून कट्ट्याच्या कोपऱ्यात ठेवायचं. एप्रिलमध्ये आमच्याकडं दहा-बारा तासात अर्ध्या बोटाएवढे मोड येतात, फडक्यातनं बाहेर डोकावतात. डिसेंबरात मात्र पूर्ण दिवस-रात्र लागते, तेव्हा मी गाठोडं पिठाच्या डब्याशेजारी गोधडीत ठेवते. फडकं वाळलं तर पाण्याचा हबका मारा. काही दाणे तसेच टणक राहतात, ते गणंग, दाताखाली आले की कळतं, ते काढून टाका. मोड आल्यावर वास गोडसर मातीसारखा यायला पाहिजे, आंबट चिकट वास आला तर सरळ टाकून द्या, मोह नको.

उसळ करताना फार शिजवू नका, कुकरच्या चार शिट्ट्यांची गरज नाही. झाकण ठेवून वाफेवर दहा-पंधरा मिनिटं, दाणा बोटात दाबला तर दबावा पण गळू नये.

लिंबू गॅस बंद केल्यावर

सी व्हिटॅमिन लोहाला धरून आत नेतं. त्याच जेवणात पाहिजे, सकाळी आवळा खाल्ला आणि रात्री उसळ खाल्ली तर काही उपयोग नाही. आणि उष्णतेनं ते उडतं, म्हणून पोह्यावर लिंबू पिळायचं ते ताटात वाढल्यावर, कढईत नाही. उसळीवर कच्चा कांदा-टोमॅटो-कोथिंबीर पण वरनंच. पण खरं सांगायचं तर अर्ध्या लिंबात सात-आठ मिलिग्रॅमच सी व्हिटॅमिन येतं, त्यापेक्षा अर्धा पेरू कितीतरी पट जास्त देतो. पेरू जेवताना किंवा जेवल्या जेवल्या खायचा. पेरूचा सीझन आला की आमच्या घरात आता जेवणानंतर विड्याऐवजी पेरूची फोड फिरते, मीठ-तिखट लावून. आवळा, हिरवी मिरची, कच्ची कोबी, हे पण चालतं. कैरीचं लोणचं नाही, त्यातलं सी बरंचसं गेलेलं असतं.

आणि आता चहा

इथं भांडण होतं. आमच्या घरात भाकरीचा शेवटचा तुकडा तोंडात असतानाच चहाचं आधण ठेवलेलं असतं, आणि सकाळी तर चहा-पोहे हे एकच पदार्थाचं नाव आहे. चहातलं टॅनिन लोहाला आतड्यातच गाठतं आणि बांधून टाकतं. जेवणाबरोबर चहा घेतला तर भाजी-धान्यातलं लोह लागायचं प्रमाण निम्म्याहून खाली येऊ शकतं. कॉफीचं पण तसंच.

म्हणून चहा सोडायला नाही सांगत मी, मला स्वतःला जमणार नाही. फक्त अंतर ठेवा, जेवणाच्या आधी एक तास आणि नंतर एक ते दोन तास. सकाळी उठल्या उठल्या चहा घ्या, नाष्टा तासाभरानं. दुपारी जेवण एकला असेल तर चहा तीनला. सासूबाईंना हे पटवायला मला दोन महिने लागले. "आत्या, लोह जातंय चहानं," म्हटलं तर म्हणायच्या, "मग माझं आयुष्यभर कुठं गेलं?" शेवटी त्यांचंही एचबी तपासलं, १०.१ निघालं, आणि मग घरात चहाची वेळ बदलली. आकड्याला घाबरतात माणसं, सुनेला नाही.

दूध-दह्यातलं कॅल्शियम पण लोहाला जरा अडवतं, पण त्याचा एवढा बाऊ करू नका, भाकरीबरोबरचं वाटीभर ताक बंद करायची काही गरज नाही. कॅल्शियमची गोळी मात्र लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, एक सकाळी एक रात्री.

लोखंडी कढई

आमची जुनी कढई माळ्यावर गेली होती, नॉनस्टिक आलं म्हणून. ती काढली तेव्हा आत तांबूस गंज, बाहेर काळी पुटं. वाळू आणि चिंचेच्या कोळानं घासली, पुसून लगेच गॅसवर कोरडी केली, तेल लावलं, धूर येईपर्यंत तापवली, परत तेल. असं तीन-चारदा केल्यावर तकाकी आली. नवीन घ्यायची असेल तर जाड, वजनदार बघा, आणि आधी दोन-तीनदा कांद्याची सालं तेलात परतून ती टाकून द्या.

आंबट पदार्थ लोखंडात शिजला की त्यात लोह उतरतं. टोमॅटो घालून केलेली पालेभाजी, चिंच-गूळ घातलेली आमटी, अंबाडीची भाजी. पहिल्यांदा आमटी काळी दिसली तेव्हा आमच्या ह्यांनी ताट बाजूला सारलं, "हे काय डांबर वाढलंय?" म्हणून. काळी होते हे खरं, बिघडलेली नसते. फक्त शिजलं की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचं, रात्रभर कढईत ठेवलं तर लोखंडाची चव येते आणि कढईही गंजते. भाकरीच्या लोखंडी तव्यानं पण थोडा फायदा होतो पण कोरड्या भाकरीत फार उतरत नाही, ओलं आणि आंबट पाहिजे.

पालेभाजी, थोडक्यात

पालकाची जाहिरात जास्त झालीय. त्यात १०० ला तीनच्या आसपास लोह आहे आणि तेही ऑक्झलेट वगैरे लोह अडवणाऱ्या गोष्टींमुळं नीट लागत नाही. त्यापेक्षा पोकळा, माठ, तांदुळजा, राजगिऱ्याचा पाला, थंडीत हरभऱ्याची भाजी, जे बाजारात स्वस्त आणि ताजं मिळेल ते. चिरायच्या आधी धुवा, चिरून नाही.

खाणाऱ्यांसाठी

मटण-मासे खाणाऱ्यांचं काम सोपं आहे, कारण त्यातलं लोह १०० मधलं १५ ते ३५ लागतं, आणि चहा-फायटेटचा त्याला फार फरकही पडत नाही. वर अजून म्हणजे मटणाच्या रश्श्याबरोबर खाल्लेल्या भाकरीतलं लोह पण जास्त लागतं. पण नुसता तांबडा रस्सा ओरपून फोडी पोरांना, असं आपल्याकडं बायका करतात ते बंद करा. फोड खा. कलेजी सगळ्यात भारी, कोंबडीची कलेजी तर स्वस्त पण मिळते, आणि रक्ती खाणाऱ्यांना तर काही सांगायलाच नको. गरोदर बायकांनी कलेजी मात्र टाळावी, त्यात ए व्हिटॅमिन फार असतं आणि ते बाळाला बाधू शकतं. अंड्यात एकेक मिलिग्रॅम असतं, चांगलंय, पण त्यातलं लोह फारसं लागत नाही, प्रोटीनसाठी खा.

एक दिवस मांडून बघू

सकाळी वाटीभर पोहे, ६० ग्रॅम धरा, अडीच मिलिग्रॅम. दुपारी दोन मध्यम बाजरीच्या भाकऱ्या, १०० ग्रॅम पिठाच्या, सहा. मटकीची उसळ तीन. पोकळ्याची भाजी साधारण साडेतीन. तीळ-कारळ्याची चटणी दीड. भाजीतलं शेंगदाण्याचं कूट पाऊण. संध्याकाळी चमचा-दीड चमचा अळीव, दीडच्या वर. रात्री दोन ज्वारीच्या भाकऱ्या चार, मसुरीची आमटी दोन. बेरीज जाते पंचवीसच्या आसपास.

बघा, इतकं नीट खाल्लं तरी २९ ला टेकत नाही. आणि आपण रोज इतकं नीट खातो का? भात-आमटी आणि चपाती-बटाटा खाणाऱ्या घरात हीच बेरीज १२-१५ वर अडकते. म्हणून एकदा एचबी खरंच खाली गेलं की नुसत्या खाण्यानं ते वर यायला फार वेळ लागतो, गोळी लागते. खाणं हे परत खाली जाऊ नये म्हणून. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मी चार महिने बीटाचा ज्यूस पीत बसले नसते.

गोळीबद्दल

किती आणि किती दिवस ते डॉक्टर ठरवतील. मी तीन महिने गोळी चहाबरोबर घेतली, कारण पाकीट देताना कुणी काही बोललं नाही आणि मी पण विचारलं नाही. एचबी वाढलं जेमतेम अर्धा पॉइंट. नंतर लिंबूपाण्याबरोबर घ्यायला लागले तेव्हा महिन्यात फरक दिसला. उपाशीपोटी घेतली तर जास्त लागते, पण मळमळ होत असेल तर जेवणानंतर घ्या, घेतलेली गोळी न घेतलेलीपेक्षा कधीही बरी. शी काळी होते, घाबरायचं नाही. बद्धकोष्ठता झाली तर पाणी वाढवा, आणि जमत नसेल तर डॉक्टरला सांगून गोळी बदला, गपचूप बंद करू नका. काही डॉक्टर आता दिवसाआड देतात, तेही ठीक आहे. एचबी १२ झालं म्हणून त्या दिवशी थांबायचं नाही, साठा भरायला पुढं साधारण तीन महिने लागतात.

शाळेत मुलींना आठवड्याला निळी गोळी देतात, ॲनिमियामुक्त भारतमधली, त्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. आमची पोरगी ती दप्तराच्या खणात साठवत होती, सात निघाल्या, कारण मैत्रीण म्हणाली पोटात दुखतं. डबा खाल्ल्यावर घे म्हटलं, मग दुखलं नाही. जंताची गोळी पण शाळा-अंगणवाडीत मिळते, ती चुकवू देऊ नका.

लहान बाळांचं एकच सांगते. सहा महिन्यांनंतर आईच्या दुधातलं लोह पुरत नाही, वरचं खाणं सुरू व्हायलाच पाहिजे, नाचणी सत्त्व, मऊ डाळ, मसुरीचं वरण. आणि वर्षाच्या पुढच्या पोराला दिवसाला अर्ध्या लिटरच्या वर दूध पाजून "कसं गुबगुबीत आहे" म्हणणं थांबवा, पोट दुधानं भरतं आणि भाकरीला जागा राहत नाही, गुबगुबीत पोरंच पांढरी फटक निघतात.

मोठ्यांच्या गोळ्या मात्र पोरांच्या हाताला लागतील अशा ठेवू नका. लाल चकचकीत असतात, चॉकलेटसारख्या दिसतात, आणि लहान पोरानं मूठभर खाल्ल्या तर जीवावर बेततं. असं झालं तर वाट न बघता थेट दवाखाना, पाकीट सोबत घेऊन.

परत तपासणी महिन्यानं करा, शक्यतो त्याच लॅबमध्ये, आणि जुना रिपोर्ट बरोबर न्या. गोळी नीट घेऊनही महिन्यात एचबी एकानं तरी वाढलं नाही तर डॉक्टरला तसं सांगा, मग दुसरं काहीतरी कारण शोधावं लागतं. माझं सहाव्या महिन्यात १२.३ आलं, पण त्याच्या आधीच, साधारण दुसऱ्या महिन्यात, एक दिवस भात लावताना लक्षात आलं की डबा उघडून बंद केला आणि हात आत गेलाच नाही.